कडी आतून लागली पाहिजे

फिलू,

पास्कल तुला घेऊन वसईला गेला त्याला आता आठवडा होईल. जाताना तुमच्या फ्लॅटची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "वंदना, फ्रीजमधलं काढून टाक, कुंड्यांना पाणी घाल." नवरा बायकोची शवपेटी घेऊन निघालाय आणि त्याला फ्रीज आठवतोय. तुझ्या हाताखाली इतकी वर्षं काढल्यावर दुसरं काय आठवणार? मी फ्रीज साफ केला. दाराच्या रबरातलं काळं मला निघालं नाही, ते तू चालवून घे. कुंड्यांना पाणी घातलं. मग उगीच तुझं कपाट उघडलं आणि वरच्याच फळीवर ते पुडकं दिसलं.

खाकी टेप, वरून सुतळी, वर नाव नाही. नाव नाही कारण नेणारा माणूस अजून ठरला नव्हता. हातात घेतलं तर चांगलं जड लागलं. न उघडताच कळलं की कड्या आहेत.

खरं सांगू का? आधी मला तुझा राग आला. रडू नंतर आलं. इतकं आजारपण अंगावर असताना ही बाई हार्डवेअरच्या दुकानात गेली कधी, आणि गेली तर मला का नाही सांगितलं? मग तुझ्याच पलंगावर बसून मी रडले, आणि उठताना चादर सारखी केली. कोपरे दुमडून, तू शिकवलंस तसे.

आपली ओळख बाथरूमवरून झाली, हे मी कुणाला सांगत नाही. नव्वदीच्या सुरुवातीला दुबईत, अल मनखूलच्या त्या जुन्या बिल्डिंगमध्ये एका फ्लॅटमध्ये दोन बिऱ्हाडं. एक खोली तुमची, एक आमची, स्वयंपाकघर एक, बाथरूम एक. मी नुकती लग्न होऊन आलेली. सायन्सची पदवी, नाकावर राग. तू हॉटेलात हाउसकीपिंगची सुपरवायझर. पहिल्याच सकाळी तू मला हाताला धरून बाथरूममध्ये नेलंस आणि दार लावून घेतलंस. मी घाबरले.

"बाय, आता बघ," तू म्हणालीस. "दार उघडं ठेवून बघितलं तर सगळे बाथरूम क्लीनच असतात. दार बंद करायचं, मग बघायचं. दारामागचं कुणी पुसत नाही. आज मी पुसलंय, उद्या तुझा टर्न."

मी खोलीत येऊन श्रीकांतला म्हटलं, ही बाई वेडी आहे, आपण दुसरीकडे जागा बघू. जागा बघायला पुढे कित्येक वर्षं लागली, आणि बघितली तेव्हा आपण दोघींनी मिळूनच बघितली. शारजात, अल मजाजला, एकाच मजल्यावर, समोरासमोर.

तुझी थोरली बहीण रोझलिन मिशनची सिस्टर होती आणि टांझानियात शाळा चालवत होती, एवढंच मला तेव्हा माहीत होतं. तिचा फोन शुक्रवारी यायचा, ती सामान आणायला शहरात यायची तेव्हा. तू चर्चमधून मिस्सावरून आल्यावर साडीसुद्धा न बदलता फोनजवळ बसायचीस. तिची शाळा डोडोमापासून बरीच आत, कोरड्या मुलखात. मुलं घरून निघताना एका हातात पाटी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा डबा घेऊन यायची. ते पाणी नदीच्या कोरड्या पात्रात खड्डे खणून काढलेलं, गढूळ. संडास म्हणजे गवताचा आडोसा, तोही वाऱ्याने एका बाजूला पडलेला. फोन ठेवला की तू सरळ स्वयंपाकघरात जायचीस. ओटा पुसायला घ्यायचीस, पुसलेलाच परत.

आणि मग एक दिवस तू ड्यूटीवरून आलीस ती उड्या मारतच.

"वंदू, हॉटेलमध्ये रिनोव्हेशन चाललंय. पूर्ण फ्लोअरचे कमोड काढतायत. एकदम गुड कंडिशन! पांढरे शुभ्र, एक क्रॅक नाही. कचऱ्यात चाललेत गं. मी इंजिनिअरिंगवाल्याला बोलले, सर, हमको दे दो, स्कूल के लिए भेजना है. तो बोलला, यल्ला, ले जाओ."

मजा म्हणजे मलाही त्यात काही खटकलं नाही. मी शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात पंपांच्या कंपनीत बसणारी, दिवसभर पाण्याचीच भाषा बोलणारी, मलासुद्धा नाही. इथे समुद्राचं पाणी गोड करून नळाला येतं. नळ सोडला की पाणी, दांडा दाबला की फ्लश. इतकी वर्षं इथे राहून आपल्या डोक्यात तेच पक्कं बसलेलं. तू एकेक कमोड स्वतःच्या हाताने ॲसिडने धुतलास, जुन्या टॉवेलांत गुंडाळलास. पास्कल शिपिंगच्या ऑफिसात, त्याने खाडीवरच्या एका गलबतवाल्याला गाठलं. दार-ए-सलामला टायर आणि गाद्या घेऊन जाणारं गलबत, त्यात तुझे कमोड चढले. आमची गौरी तेव्हा शाळकरी. ती गाडीतून बघत म्हणाली, "ममा, व्हाय इज फिलो आंटी सेंडिंग टॉयलेट्स ऑन अ बोट?" मी तिला म्हटलं, चांगलं काम आहे, प्रश्न विचारू नकोस.

महिन्या-दोन महिन्यांनी रोझलिन सिस्टरचा फोन आला. तू रिसीव्हर मधे धरलास म्हणून मलाही ऐकू आलं. सिस्टर हसत होती की रडत होती कळेना. "फिलू, ही सिंहासनं पाठवलीस, पोचली. एकही फुटलं नाही. पण बाय, इथे प्यायला बादलीभर पाणी मिळत नाही, ह्यात मी काय ओतू?"

तुझा चेहरा मी विसरणार नाही. हॉटेलात मोठमोठ्या लोकांना बाथरूमचं ज्ञान देणारी तू, आणि पाण्याशिवाय कमोड पाठवलेस. दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस, जसं काही ते मीच पाठवले होते. तिसऱ्या शुक्रवारी सिस्टरने सांगितलं की ते वाया गेले नाहीत. मुलींनी अंगणात रांगेने मांडले, माती भरली आणि त्यात भाजी पेरली. तिकडे म्चिचा म्हणतात, आपला माठच तो. जमिनीवर पेरलं की शेळ्या खातात, कमोडात शेळीचं तोंड नीट पोचत नाही. भांडी विसळलेलं पाणी तेवढ्याला पुरतं. अशी त्या शाळेची शेती सुरू झाली. तू फोन ठेवून जी हसत सुटलीस ती पास्कल येईपर्यंत हसत होतीस.

आपलं भांडण तिथून सुरू झालं. मी म्हणायचे आधी पाणी. पाणी आलं की स्वच्छता येते, भाजी येते, सगळं मागून येतं. तू म्हणायचीस आधी संडास, दाराचा, आतून कडी लागणारा.

"अगं पण पाणीच नसेल तर?"

"आणि पाणी आलं नि पोरगी प्यायलीच नाही तर?"

हे वाक्य तू इतक्यांदा म्हणालीस की मला ते तुझं पालुपद वाटायचं. अल मजाजच्या तलावाकाठी आपण संध्याकाळी चालायचो, तिथे एकदा मी वैतागून म्हटलं, "असं कोण असतं फिलू, समोर पाणी आहे आणि पीत नाही?"

"मी," तू म्हणालीस.

मग चालता चालता सांगितलंस, काही विशेष नसल्यासारखं. तुमच्या गावच्या शाळेत मुलींना जागाच नव्हती. मागे कुंपण, पलीकडे वाडी. एकीने जायचं आणि दुसरीने राखण करायची, आणि मुलगे दगड मारून हसायचे. म्हणून तू सकाळी उठल्यापासून पाण्याचा थेंब घ्यायची नाहीस. उन्हाळ्यात डोकं दुखायचं, वर्गात भोवळ यायची. मोठी झाल्यावर महिन्यातले काही दिवस घरीच बसायला लागलीस, मग जास्त दिवस, मग नववीत सोडूनच दिलंस. आईने विचारलंसुद्धा नाही का म्हणून. पुढे मुंबईला हॉटेलात कामाला लागलीस आणि पहिल्याच दिवशी एक खोली साफ करून झाल्यावर बाथरूममध्ये गेलीस, आतून कडी लावलीस आणि नुसती बसून राहिलीस.

"कुणी दार वाजवलं नाही, बाय," तू म्हणालीस. "किती बरं वाटलं तुला सांगू."

मी त्यावर काय बोलले? "चल, उशीर झाला, गौरीचा होमवर्क राहिलाय." तुझ्याबद्दल त्या दिवशी जे वाटलं ते मी कधी सांगितलं नाही. आता सांगते. मला तुझा फार अभिमान वाटला, आणि माझ्या पदवीचं काय करायचं ते कळेना.

भांडण मात्र मी सोडलं नाही. सिस्टरच्या मागे लागून तिच्या धर्मप्रांताकडून बोअर मारून घेतली, आणि आमच्या मॅनेजरच्या मागे लागून एक हातपंप मिळवला. पॅलेस्टिनी माणूस, सतत ओरडणारा. मी शाळेचं सांगितलं तसं त्याने ऐकून घेतलं आणि हात उडवला, "खलास, वंदना, टेक इट. अँड डोन्ट क्राय इन माय ऑफिस." मी रडत नव्हते, हे त्याला पटलं नाही. पंप बसला, पाणी लागलं, गोड लागलं. शुक्रवारी सिस्टरने फोनवर ते सांगितलं तेव्हा मी तुझ्याकडे असं बघितलं की तू उठून आत गेलीस.

पण तूही गप्प बसणारी नव्हतीस. संडासाची सगळी रचना तू फोनवरून सांगितलीस. खड्डा खोल, वर झाकण, शेजारी राखेचा डबा, वास जायला उंच पाइप, मुलींचा वेगळा आणि मुलग्यांकडे पाठ केलेला. सिस्टरने पालकांना जमवून बांधून घेतला. हात धुवायची जागा बाहेर.

"हात धुतलेलं पाणी कुठे सोडतेयस?" तू विचारलंस.

पलीकडून सिस्टर ओरडलीच. "केळीला! मला काय विचारतेस, आपण एकाच घरात वाढलो ना?"

वसईच्या वाडीत नहाणीचं पाणी केळीला आणि अळूला जातं, ते वाया गेलं तर तुमच्या वडिलांना झोप यायची नाही, हे मी तुझ्याकडून किती वेळा ऐकलंय. त्या कोरड्या मुलखात केळ जगेल असं तिथे कुणाला वाटलं नव्हतं. पण तीनशे पोरांनी दिवसातून दोनदा हात धुतल्यावर केळ काय करील बिचारी? जगली, व्याली, तिची पिल्लं लावून रांग झाली. केळीच्या आळ्यांभोवती रताळी, पुढे टोमॅटो, मग एक वाफा फक्त सातवीच्या मुलींचा. दुपारच्या लापशीबरोबर भाजी मिळायला लागली. माझ्या पंपाच्या पाण्याने की तुझ्या संडासाच्या, यावर आपण ईदच्या सुट्टीत बिर्याणी खाता खाता भांडलो आणि पास्कल आणि श्रीकांत ताटं घेऊन बाल्कनीत जाऊन बसले.

कड्यांचं वेड तुला तेव्हापासून. तिकडे कड्या मिळतात, हे मी तुला शंभरदा सांगितलं. तुझं उत्तर ठरलेलं. "मिळत असतील. मी बघितलेल्या नाहीत." औद्योगिक क्षेत्रातल्या त्या मलबारी दुकानदाराला तू काय छळलंस! प्रत्येक कडी डोळे मिटून, हात पाण्यात बुडवून उघडून बघायचीस.

"मॅडम, कितना चेक करेगा?"

"भाईसाब, छोटी बच्ची है, अंधेरा है, हाथ गीला है. खुलना चाहिए, और बाहर से नहीं खुलना चाहिए."

मग ते पुडकं न्यायला माणूस शोधायचा. आखातातल्या माणसाची बॅग कधी स्वतःची नसते, हे खरंच. पण वसईला जाणाऱ्याच्या हाती लोक बदाम आणि साबण देतात, तू दार-ए-सलामला जाणाऱ्या गुजराती व्यापाऱ्यांच्या गळ्यात लोखंड मारायचीस. मी किती चिडायचे. तुझं काम असलं की लोक मला टाळायला लागले होते. तू स्वतः का जात नव्हतीस? रजा मिळाली की वसई, सासूबाई, लग्नं, बारशी. "नेक्स्ट इयर, इन्शाल्ला, दोघी जाऊ," असं तू दर वर्षी म्हणायचीस आणि मी दर वर्षी हो म्हणायचे.

नीमा तुझ्या आयुष्यात आली तीही फोनवरूनच. एकदा सिस्टर शाळेतल्या या मुलीला शहरात घेऊन आली होती आणि तिच्या हातात रिसीव्हर दिला. "थँक यू, मामा फिलो," एवढंच ती बोलली. मामा म्हणजे तिकडे आई. तू तिला इंग्लिश, हिंदी, मराठी सगळ्यात उत्तर दिलंस आणि तिला त्यातलं काही कळलं नसणार. त्यानंतर दर शुक्रवारी तुझा पहिला प्रश्न एकच. "नीमा येते ना शाळेत?" पाचवीत येत होती, सहावीत येत होती. केळीच्या रांगेची प्रमुख होती. सातवी पास झाली तर पुढच्या शाळेत जाणारी तिच्या वस्तीतली पहिली मुलगी ठरेल, असं सिस्टर म्हणाली होती. तुला दुसरं काही नको होतं. तू शाळा सोडलीस तिथून ती पुढे जायला हवी होती.

हॉस्पिटलमध्ये तू नर्सला बाथरूमचं दार बंद करून दाखवलंस, ते ऐकून डॉक्टरसुद्धा हसले. शेवटच्या दोन दिवसांत मात्र आवाज अगदी बारीक झाला होता. मी औषधाचा कप पुढे केला तर तोंड फिरवलंस.

"आधी बोल, तू हरलीस."

"घरी ये, मग बोलू," मी म्हटलं. "भांडायला अंगात जोर तरी येऊ दे तुझ्या."

म्हणून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं माझं? पण मला वाटलं, हरले म्हटलं तर तू भांडायची थांबशील. ते मला नको होतं.

काल शुक्रवार. रोझलिन सिस्टरचा फोन माझ्या घरी आला. तिला वसईला पोचणं जमलं नाही. ती शांत होती, मी नव्हते. तिनेच माझी समजूत काढली. मग मी तुझा प्रश्न विचारला. "नीमा येते ना शाळेत?"



"येत नाही गं. महिना झाला. पावसाळ्यात दारांची लाकडं फुगली, स्क्रू सुटले, कड्या निघून आल्या. मी शहरातून आणून बसवल्या, त्याही राहिल्या नाहीत. दारं वाऱ्याने उघडतात. मोठ्या मुली एकमेकींना राखण उभ्या राहतात, वर्ग बुडतो, मुलगे बघतात. नीमाचा बाप म्हणाला, बस झालं, घरी राहा. मी फिलूला सांगितलं होतं कड्या निघाल्या म्हणून. नीमाचं नाही सांगितलं, विचारलं की येते म्हणायचे. तोपर्यंत फिलूच्या आजाराचं कळलं होतं."

"आणि पंप?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"पंप उत्तम चाललाय. पाणी भरपूर आहे."

फोन ठेवून मी तुमच्या फ्लॅटमध्ये गेले आणि पुडकं उघडलं. कड्या होत्याच. पण या वेळी स्क्रू नव्हते. दाराच्या आरपार जाणारे लांब बोल्ट, नट, मागे लावायच्या पत्र्याच्या चकत्या आणि एक पाना. सिस्टरचं ऐकून तू सगळा विचार करून ठेवला होतास. फक्त नेणारा मिळाला नव्हता.

फिलू, तू जिंकलीस. पाणी भरपूर आहे, केळी उभ्या आहेत, आणि मुलगी घरी आहे. तुला ऐकायचं होतं ते हे घे. पाणी नसतं तर ती हात कशाने धुणार होती, हा माझा मुद्दा अजून कायम आहे, पण तो आपण नंतर बघू.

कालची संध्याकाळ मी फोनवरच होते. दार-ए-सलामला कोण जातंय? कुणी नाही. तो साबणवाला व्यापारी आता थेट सप्टेंबरात जाणार, आणि सिस्टरने सांगितलं की सातवीची परीक्षा त्याच सुमारास. श्रीकांत पेपर वाचत होता. पेपर खाली न करता म्हणाला, "तूच का नाही जात?" गौरीने वर बघितलं. "ममा? शी कान्ट इव्हन डू अ पब्लिक टॉयलेट इन सिटी सेंटर!" खरंच आहे ते. तुझ्यामुळेच.

आज सकाळी मी पिवळ्या तापाची लस टोचून घेतली, दंड ठणकतोय. मॅनेजरने रजा दिली, ओरडून. सिस्टरकडे आता मोबाइल असतो, तिला कळवलं तसा तिने लगेच नीमाच्या घरी निरोप धाडला की दुबईहून एक बाई दारं दुरुस्त करायला येतेय. बापाचं उत्तर आलं, आधी दार लागू दे, मग बघू. मला त्या माणसाचा राग येत नाही. तूही हेच म्हणाली असतीस.

पुडकं परत बांधलंय. सुतळी तुझ्यासारखी घट्ट बसत नाही. वर नाव घालायची जागा रिकामी होती, तिथे माझं घातलं.

पोचले की आधी पंपावर जाईन आणि पोटभर पाणी पिईन, तुझ्या वाटचंही. मग पहिली कडी बसवीन. हात ओला करून, डोळे मिटून उघडून बघीन. मग आत जाईन, दार लावून घेईन, दारामागे पुसलंय का तेही बघीन. आणि बाहेर नीमा राखणीला उभी असेल, तर आतूनच ओरडून सांगीन, जा बाय, वर्गात जाऊन बस.